बारदान वजा

मी वजनमापे निरीक्षक आहे, त्यामुळे माझ्यावर कुणाचं फारसं प्रेम नसतं. मी बाजार समितीच्या फाटकातून आत शिरलो की अडत्यांचे चेहरे उतरतात, काटे पुसायची एकच घाई उडते आणि कुणीतरी न मागता चहा आणून ठेवतो. तो चहा मी पीत नाही. पेटीतून प्रमाणित वजनं काढतो, ती काट्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध ठेवून बघतो, आणि काटा खोटं बोलत असला तर तिथल्या तिथे त्याला सील ठोकतो. अकरा वर्षं हेच करतोय. या कामाने मला एक वाईट खोड लावली आहे. कुणी कसलाही आकडा सांगितला की माझ्या तोंडून आधी निघतं, कशावर मोजलात?

म्हणून विमा कंपनीचं पत्र उघडलं तेव्हा मला रडू यायच्या आधी राग आला.

‘अर्जदार: निनाद शैलजा पोफळे, वय तेहतीस, सोलापूर. मागणी: छातीची लिंगपुष्टी शस्त्रक्रिया. अंतर्मापी निर्देशांक: एकेचाळीस. किमान आवश्यक: सत्तर. अर्ज नामंजूर.’

जन्मदाखल्यावर माझं नाव ऋतुजा होतं आणि लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’. ते दोन्ही माझं नव्हतं, हे मला फार लवकर कळलं होतं. बाविसाव्या वर्षी कागद बदलून घेतले. औषधांनी आवाज बदलला, दाढी आली. छाती मात्र राहिली, आणि ती मी चौदा वर्षं घट्ट पट्ट्याखाली आवळून ठेवली. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या पट्ट्याखालची कातडी सोलून निघते. यंदा फासळ्यांचा एक्स-रे बघून डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, आणखी दोन उन्हाळे असे काढलेत तर पुढे श्वासाचं दुखणं कायमचं मागे लागेल.

पदरचे पैसे घालून मोकळं व्हावं म्हटलं तर तेही शक्य नव्हतं. आता विमा कंपनीच्या मंजुरीशिवाय कुठलंही रुग्णालय या शस्त्रक्रियेला हात लावत नाही. पूर्वी यासाठी मानसोपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र चालायचं. कंपन्यांनी म्हटलं, तज्ज्ञसुद्धा माणूसच आहे, तो फसू शकतो. शरीर फसवत नाही. आणि मग अंतर्मापी आला.

अंतर्मापी म्हणजे घड्याळासारखा मनगटावर बसणारा पट्टा. माणूस निवांत असला की हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडं कमीजास्त होत राहतं, आणि तो धास्तावला की ठोके कवायतीसारखे एका मापात पडू लागतात. पट्टा हे अंतर मोजतो, कातडीवरचा घाम मोजतो, आणि त्याला कानही आहे. तुमचं जुनं नाव कुणी उच्चारलं की पुढच्या आठ सेकंदांत तुमच्या शरीराचं काय होतं, ते तो टिपतो. महिनाभर असं टिपून आकडा काढतो. जुन्या नावाने शरीर पुरेसं आक्रसलं, तर तुम्हाला शस्त्रक्रियेची गरज आहे. नाही आक्रसलं, तर नाही. थोडक्यात, कंपनीला माझ्या दुःखाचा पुरावा हवा होता आणि तो माझ्या तोंडून नको होता.

माझं दुर्दैव असं की चाचणीचा महिना आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच वेळी आलं. मी रजा टाकून बार्शीला गेलो, मनगटावर पट्टा घेऊन.

माझी आई शिवणकाम करते. मी विसाव्या वर्षी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने मशीनवरून एक शर्ट काढून माझ्या अंगावर टाकला. बायकांच्या शर्टाच्या गुंड्या डाव्या बाजूला असतात आणि पुरुषांच्या उजव्या. मी आधी गुंड्याच बघितल्या. त्या उजवीकडे होत्या. तो शर्ट मी फाटेपर्यंत वापरला.

चारचौघांत ती मला निनादच म्हणते. पण घरात दोघंच असलो, तिचं चित्त कामात असलं, की अजून तोंडून जुनं नाव निसटतं. त्या महिन्यात तर डोळ्यावर पट्टी, दिसत काही नाही, त्यामुळे दिवसभर तिची हाक चालू असायची. “ऋतू, थेंब घालायची वेळ झाली का बघ गं.” “ऋतू, दूध उतू चाललंय वाटतं.” मग जीभ चावायची. “निनाद रं बाबा. निनाद. माझ्या जिभेला काय झालंय कुणास ठाऊक.”

मी हसायचो. दुसऱ्या कुणी हे नाव घेतलं तर अंगावर पाल पडल्यासारखं होतं. आईने ते घेतलं की काही होत नाही. काही होत नाही असंही नाही, उलट बरं वाटतं. आणि हेच ते यंत्र तीस दिवस इमानेइतबारे लिहून घेत होतं.

*

कंपनीच्या सोलापूर कार्यालयातले अधिकारी सबनीस हे भले गृहस्थ होते. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. त्यांनी मला ‘सर’ म्हटलं, खुर्ची ओढून दिली, माझ्या जुन्या नावाचा कागद माझ्यासमोर उलटा घालून ठेवला. इतकी अदब मला सरकारी कचेऱ्यांत कधी मिळाली नव्हती. मीच एका सरकारी कचेरीत काम करतो म्हणून सांगतो.

“निर्देशांक संगणकाचं मॉडेल काढतं, सर. माझ्या हातात काही नसतं.”

“तुमच्या हातात नाही, कबूल. पण मॉडेलचं चुकलंय, ते कसं तेवढं सांगू द्या. समजा मी ज्वारीचं पोतं काट्यावर ठेवलं. काटा म्हणतो, पन्नास किलो सहाशे ग्रॅम. ज्वारी किती?”

सबनीस थोडे गोंधळले. “पन्नास सहाशे?”

“पन्नास. वरचे सहाशे ग्रॅम गोणपाटाचे. बाजारात त्याला बारदान म्हणतात. बारदान वजा केल्याशिवाय मालाचं वजन लिहिलं तर मी खटला भरतो. तुम्ही माझ्या नावाचं वजन केलंत ते आईच्या आवाजासकट. मला टोचतं ते नाव. आणि शांत करतो तो तिचा आवाज. पोटात होतो तेव्हापासून ऐकतोय मी तो. तुमच्या पट्ट्याने दोन्ही एकत्र मोजलं आणि नावापुढे लिहून टाकलं. आवाज वेगळा मोजा. तो वजा करा. मग काय उरतं ते मला दाखवा.”

सबनीसांनी लिहून घ्यायला सुरुवात केली होती. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

“सर, आमच्या शास्त्रज्ञांच्या हे लक्षात आलं नाही.”

“त्यांना कुणी कधी मंडईत पाठवलं नसेल.”

ते मनापासून हसले. मीही हसलो. जिना उतरताना मी स्वतःवर इतका खूश होतो की खालच्या गाड्यावर उभा राहून दोन प्लेट भजी खाल्ली. त्या भज्यांची मला आता शिसारी येते.

तीन आठवड्यांनी सबनीसांचा फोन आला. “अभिनंदन सर. तुमचा मुद्दा वरपर्यंत मान्य झालाय. नवी चाचणी तयार केलीय, तुमच्यापासूनच सुरुवात. आईंच्या आवाजाचा नमुना घ्यायचा. मग पट्टाच त्या आवाजात तुमचं जुनं नाव उच्चारेल. मधूनमधून परक्या आवाजातही. नव्वद दिवस. दोन्हींच्या फरकातून आवाजाचा वाटा काढून टाकता येईल.”

“बरं.”

“एकच अट आहे. त्या नव्वद दिवसांत खऱ्या आईंचा आवाज तुमच्या कानावर पडायचा नाही. फोनवरसुद्धा नाही. नाहीतर मोजणी बिघडते.”

मला ही अट जाचक वाटायला हवी होती. पण ती मला पटली. काटा तपासताना मीसुद्धा पारड्याला कुणाला हात लावू देत नाही. मी लगेच हो म्हटलं.

*

नमुना घ्यायला कंपनीची एक मुलगी बार्शीला आली. आईने त्या दिवशी ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती आणि मशीनवर धुतलेलं फडकं घातलं होतं. आपल्या आवाजाने आपल्या लेकराचं काम होणार, या आनंदात तिने त्या मुलीला दोनदा पोहे वाढले.

“काकू, जेवायला हाक मारता तसं नाव घ्या. छान. आता रागावून. आता लांबून, गल्लीतून बोलावल्यासारखं.”

“इतकी वर्षं हे नाव तोंडातनं जावं म्हणून धडपडले,” आई मला म्हणाली, “आन् आता बघ, चाळीसदा म्हणायला लावतेत.” पण ती म्हणत होती. नाटकात काम मिळाल्यासारखी रंगून गेली होती.

“आता आजारी असताना, कपाळावर हात ठेवून हळूच म्हणता ना, तसं.”

आई थांबली. “ते बी मोजणार व्हय?”

“हो काकू. तेच सगळ्यांत महत्त्वाचं.”

आईने माझ्याकडे बघितलं. मग हात उचलून मशीनच्या लाकडी फळीवर ठेवला, जणू तिथे कुणाचं कपाळ आहे, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “ऋतू.” आपण इथेच हे थांबवावं असं एकदा मनात येऊन गेलं. पण ती मुलगी यंत्र आवरायला लागली होती आणि छातीच्या पट्ट्याखाली माझी फासळी दुखत होती.

मी निघताना आई म्हणाली, “नव्वद दिवसच ना रं? तुझ्या बापाशी मी एकदा सहा महिने बोलले नव्हते. घर चाललंच की.” त्यानंतर तिने तोंडावर पदर धरला आणि हातानेच, जा, अशी खूण केली. तिचे नव्वद दिवस तेव्हापासूनच सुरू झाले.

पहिल्या आठवड्यात मला मजा वाटली. मनगटातून आई बोलायची. “ऋतू, जेवायला ये गं.” मी डबा खात असायचो आणि म्हणायचो, जेवतोयच की. निर्देशांक एकेचाळीसवरून अडतीसवर गेला. मी घाबरलो. मग तो हळूहळू चढायला लागला. चव्वेचाळीस, एकोणपन्नास, पंचावन्न. रोज सकाळी दात घासता घासता मी आकडा बघायचो, आणि तो वाढला की दिवस चांगला जायचा.

आकडा का वाढतोय, हे मी विचारलं नाही. मी. अकरा वर्षं साऱ्या बाजाराला ‘कशावर मोजलात’ विचारणारा.

आठव्या आठवड्यात मी पंढरीनाथ अडत्याच्या काट्यावर पाच किलोचं प्रमाणित वजन ठेवत होतो. पलीकडे एक बार्शीकडची बाई कांदे निवडत बसली होती. तिने आपल्या पोरीला हाक मारली. नाव वेगळंच होतं, पण हाकेचा हेल आईचा. माझ्या तळहाताला घाम फुटला, छातीत धडधड सुरू झाली आणि वजन हातातून निसटून फरशीवर आदळलं. प्रमाणित वजन एकदा पडलं की ते प्रमाण राहत नाही. डोळ्याला पोचा दिसो न दिसो, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पंढरीनाथ धावत आला. “साहेब, पायावर तर नाही पडलं?”

मी पोत्यावर बसलो आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शरीर अस्वस्थ असताना मोजणी स्वच्छ होत नाही. म्हणून पट्टा वाट बघायचा. ठोके निवांत झाले, श्वास संथ झाला, रविवारी दुपारी जेवून डोळा लागू लागला, नेमक्या त्या क्षणी तो आईच्या आवाजात बोलायचा. दिवसातून तीस-तीस वेळा. शरीराला शास्त्र कळत नाही, त्याला फक्त आधी काय आणि नंतर काय एवढंच कळतं. माझ्या शरीराने आठ आठवड्यांत धडा गिरवला होता. हा आवाज आला की शांतता संपली. पट्टा आवाज वजा करत नव्हता. तो आवाज मारत होता.

मी तिथूनच सबनीसांना फोन लावला. “हे थांबवा.”

“थांबवता येईल सर. पण मग अर्ज मागे घेतला अशी नोंद होईल. आणि मागे घेणं म्हणजे मॉडेलच्या भाषेत संशय. पुन्हा अर्ज सात वर्षांनी.”

“आणि चालू ठेवलं तर? हा जो परिणाम झालाय माझ्यावर, तो नंतर जातो का?”

सबनीस भला माणूस, खोटं बोलले नाहीत. “त्याचे आकडे अजून आमच्याकडे नाहीत सर. तुम्हीच पहिले आहात.”

त्या दिवशी निर्देशांक एकसष्ट होता. घरी दारात आईने एस.टी.ने पाठवलेलं पार्सल पडलं होतं. आत एक बनियन आणि टाचणीने लावलेली चिठ्ठी, शिवणाच्या खडूने लिहिलेली: ‘पत्राचं उत्तर नको. जेवत जा.’ मी ती चिठ्ठी हातात धरून बसलो. सात वर्षं मला काढता आली नसती. माझ्या फासळ्यांना तर नक्कीच नाही. आणि माझ्या मनाला त्याहूनही नाही. मी मनगटावरचा पट्टा काढला नाही. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो.

नव्वदाव्या दिवशी निर्देशांक ब्याऐंशी आला. मंजुरीच्या पत्रात खाली एक परिच्छेद होता. ‘आपण सुचवलेली वजावटीची चाचणी अत्यंत उपयुक्त ठरली असून येत्या महिन्यापासून ती राज्यातील सर्व अर्जदारांना लागू होत आहे. जुनाट वेदनांच्या दाव्यांसाठीही तिचा विचार सुरू आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’ सबनीसांनी फोनवर उत्साहाने सांगितलं की कार्यालयात सगळे तिला बारदान चाचणीच म्हणतात. मी फोन ठेवला. दुसरं काही करायची अक्कल मला त्या वेळी नव्हती.

*

शस्त्रक्रिया पुण्यात झाली. शुद्धीवर आलो तेव्हा छातीला पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या, पण त्यांच्याखाली सपाट होतं. ते हात न लावताच कळत होतं. दुखत होतं आणि मी हसत होतो. सिस्टरने विचारलं, “गुंगी आहे का अजून?”

“नाही. चौदा वर्षांनी उतरलीय.”

या शस्त्रक्रियेचा मला आजही क्षणभर पश्चात्ताप नाही. कंपनीने वाटल्यास तोही मोजावा.

दुपारी आईला आत सोडलं. नव्या डोळ्यांनी तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. हातात पांढरा शर्ट होता, बारीक निळ्या रेघांचा, इस्त्री केलेला. तो तिने माझ्या पायांवर ठेवला. नव्वद दिवस आणि वर शस्त्रक्रियेच्या तयारीचे पंधरा, ज्यांत मीच भीतीने तिला फोन केला नव्हता, इतक्या दिवसांचं बोलणं तिच्या ओठांवर आलं होतं.

“निनाद,” ती म्हणाली.

डोक्याशी ठेवलेल्या यंत्राने टिकटिक वाढवली. पडद्यावर ठोके पंच्याहत्तर होते, ते अठ्ठ्याण्णव झाले.

“बघ, एकदा बी चुकले न्हाई. आता चुकायची बी न्हाई. रोज मशीनवर बसून घोकलंय. निनाद. निनाद. शेजारची म्हणायची, येड लागलं का काय बाईला. निनाद. बघ की!”

एकशे बारा. एकशे चोवीस. यंत्र ओरडायला लागलं. माझ्या तळहातांना घाम सुटला होता. समोर माझी आई उभी होती, माझं खरं नाव घेत होती, आणि माझं अंग तिच्यापासून दूर पळू बघत होतं.

सिस्टर धावत आली. “काय होतंय? दुखतंय का फार?”

“नाही,” मी म्हणालो. “औषधाने होत असेल.”

आई गप्प झाली. तिची नजर पडद्यावर गेली. आकडा खाली आला. एकशे दहा, पंच्याण्णव, ऐंशी. माझी आई फार शिकलेली नाही, पण अकरा वर्षं माझ्या कामाच्या गोष्टी ऐकत आली आहे. शंका आली की वजन उचलायचं आणि परत ठेवून बघायचं, हे तिला माहीत होतं.

तिने हात पुढे केला, माझ्या कपाळावर ठेवला, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “निनाद.”

एकशे सव्वीस.

तिने हात काढून घेतला. माझ्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, आई, तसं नाही, हे मी नाही, हे नुसतं अंग आहे. तिने ओठांवर पदर धरला, शर्टाची घडी एकदा सरळ केली, गुंड्यांवरून बोट फिरवलं आणि दाराकडे निघाली. बाहेर बाकड्यावर बसली ती मला काचेतून दिसत होती.

सिस्टरने पडद्याकडे बघून नोंदवहीत लिहिलं, चौऱ्याहत्तर.

“आता कसं छान स्थिर झालं बघा,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.